‘उद्या या’चे आठ भाग

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईत नाही. चांगल्या कागदावर, टाइप करून, खाली सही ठोकून आणि सहीवर गोल शिक्का उमटवून खोटं लिहिलंत. ‘सदर नावाचा कोणताही विनोदी कार्यक्रम या केंद्रावरून प्रसारित झाल्याची नोंद आढळत नाही.’ एवढंच एक वाक्य. ते लिहायला तुमच्या माणसाला दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. त्या वाक्यानं एका म्हाताऱ्याच्या घरात काय केलं ते आता ऐका. ऐकायची सवय नसेल तर लावून घ्या.

कार्यक्रम होता. ‘उद्या या’ असं त्याचं नाव होतं आणि तो दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर लागायचा. एक शिंप्याचं दुकान, एक मशीन, एक लंगडं टेबल आणि गळ्यात मापाची पट्टी अडकवलेला एक मास्तर. या मास्तरानं जन्मात कुणाचा कपडा वेळेवर दिला नाही. कुणी कोटासाठी यायचा, कुणी पोराच्या गणवेशासाठी. मास्तर प्रत्येकाला अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून सांगायचा, ‘उद्या या.’ गणवेश हातात पडेपर्यंत पोरगं दोन इयत्ता पुढे जायचं. फार मोठं काही नव्हतं त्यात. पण गुरुवारी सात वाजता रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही, आणि हे कोणी कुठे नोंदवून ठेवलं नाही म्हणून ते घडलंच नाही असं होत नाही.

मास्तरचं काम करणारा पोरगा सव्वीस वर्षांचा होता, काडीसारखा. त्याची थोरली बहीण त्याच केंद्रात टेपच्या खोलीत नोकरीला होती. सगळं केंद्र तिला टेपताई म्हणायचं. तेव्हाचे साहेबसुद्धा. भाऊ तिला नुसतं ताई म्हणायचा, आणि ती त्याला लहानपणापासून शहाण्या. कौतुकानं नव्हे, त्यानं एकदा छत्री उलटी धरून तिच्यात पाणी साठवलं होतं तेव्हापासून.

शहाण्यानं या कामासाठी दोन महिने खऱ्याखुऱ्या शिंप्याच्या दुकानात उमेदवारी केली होती. सुई धरलेला हात खोटा दिसला तर हसू येत नाही, असं त्याचं म्हणणं. काजं करायला शिकला, अस्तर लावायला शिकला, तोंडात टाचण्या धरून बोलायला शिकला. ताई म्हणाली, “अरे, तुला कपडे शिवायचेत की लोकांना हसवायचंय?”

तो टाचण्यांतून म्हणाला, “आधी शिवतो, मग उसवतो. हसू उसवताना येतं.”

आता एक गंमत ऐका. खरं तर गंमत नाही ती. केंद्रात स्टुडिओ एकच. बातम्या त्यातच, गाणी त्यातच, बायकांना विणकाम शिकवणारी बाई त्यातच. या लोकांच्या वाट्याला स्टुडिओ यायचा तो गुरुवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. म्हणजे पाचवा भाग घराघरांत लागलेला असायचा तेव्हा ही मंडळी सहावा करत असायची. पंगतीतल्या वाढप्यासारखी गत. सगळ्या शहरानं ‘उद्या या’ पाहिलं. पाहिलं नाही ते फक्त त्यात काम करणाऱ्यांनी. शहाण्यानं स्वतःला पडद्यावर एकदाही पाहिलं नाही. म्हणायचा, “घाई काय आहे? टेप आहेत ना ताईकडे. सगळे भाग झाले की एकदा सगळे मिळून बसू.”

ते सगळे मिळून कधी बसले नाहीत.

आठव्या भागात एका मोठ्या माणसाचा कोट होता. डावी बाही उजवीपेक्षा वीतभर लांब. मास्तर ती चूक कशी निस्तरतो, हा सगळा भाग. तो झाला आणि वर मंजुरीला गेला. तिथल्या मधल्या एका साहेबाला तो बघता बघता घाम फुटला. गेल्या वर्षीच्या संचलनात देशाच्या अध्यक्षांनी जो ओव्हरकोट घातला होता, त्याची बाही त्यांच्या बोटांवरून खाली आली होती, असं त्याला आठवलं. अध्यक्षांनी तो भाग पाहिला नव्हता. निर्मात्याच्या तर ध्यानीमनीही नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. फोन आला, कागद नाही. फोनवर माणूस मारला की हाताला रक्त लागत नाही.

पुढच्या गुरुवारी सात वाजता लोक बसले, आणि पडद्यावर काचेच्या पेटीतले मासे फिरायला लागले. अर्धा तास मासे. मागे सनई की काहीतरी.

शहाण्या रस्त्यानं निघाला की लोक विचारायचे, “काय मास्तर, काय झालं?” तो म्हणायचा, “उद्या या.” लोक हसायचे. दोनेक महिने विचारलं. मग मासेही गेले, तिथे कुठलीशी मालिका आली, आणि लोकांना मासेही आठवेनात. काम मागायला तो जिथे जिथे गेला तिथे त्याला चहा मिळाला. चहा हे नकाराचं सभ्य नाव. शेवटी तो ज्या दुकानात शिकला होता त्याच दुकानात जाऊन बसला आणि पुढची पस्तीस वर्षं खरे कपडे शिवत राहिला. वेळेवर द्यायचा. एकाही गिऱ्हाइकाला त्यानं कधी उद्या या म्हटलं नाही.

आणि ताईचं काय? ताईनं त्या काळात जे केलं ते तुमच्या नियमांच्या पुस्तकात गुन्हा आहे.

टेप तेव्हा बाहेरून यायच्या. एक-एक विटेसारखी जड, आणि मोजक्या. कार्यक्रम दाखवून झाला की तीन महिन्यांनी टेप कोरी करायची, तिच्यावर दुसरं काही भरायचं. नाटक गेलं, गाणं गेलं, सगळं गेलं. ‘कायम’ राहायची ती फक्त अध्यक्षांची भाषणं. त्यांच्या डब्यावर लाल खूण असायची आणि त्या खुणेला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ‘उद्या या’ बंद झालं त्याच आठवड्यात ताईनं आठ लाल डबे घेतले, भावाच्या आठ टेप त्यांत घातल्या आणि वर आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘अध्यक्षांचे भाषण, पुलाचे उद्घाटन, भाग पहिला.’ मग भाग दुसरा. मग धरण. धरणाचे तीन भाग केले. अध्यक्ष बोलायला लागले की तीन भाग सहज व्हायचे, कुणाला शंका येण्यासारखं नव्हतं. आणि भाषण झाल्यावर ते पुन्हा बघायला मागेल असा माणूस देशात जन्मला नव्हता. बँकेच्या तिजोरीवर तिचा जेवढा भरवसा नव्हता, तेवढा लोकांच्या कंटाळ्यावर होता.

भावाला तिनं सांगितलं. दुसऱ्या कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

“म्हणजे मी आता अध्यक्षांच्या कपाटात?” तो म्हणाला.

“तिसऱ्या फळीवर.”

“कपाट बाहेरून बंद करू नकोस हं. ते भाषण करायला लागले तर?”

खूप दिवसांनी तो हसला होता. त्या आठ डब्यांवर तो जगला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. मशीनवर वाकून दुसऱ्यांच्या पँटी आखूड करताना त्याला ठाऊक असायचं की आपण तिथे आहोत. जागच्या जागी. पुसले न गेलेले.

अकरा वर्षांनी एका सकाळी अध्यक्ष गेले. म्हणजे पळाले. दुपारी केंद्रात नवे साहेब आले, त्यांच्या हातात यादी. लाल खुणेच्या सगळ्या टेप चार वाजेपर्यंत कोऱ्या करा. कालपर्यंत ज्यांना हात लावायची भीती, आज त्या ठेवायची भीती. टेप पुसायचं यंत्र म्हणजे एक लोखंडी टेबल, खाली चुंबक. टेप ठेवायची, बटण दाबायचं, टेबल घुंई करायला लागलं की टेप गोल फिरवायची, चार आकडे मोजायचे, उचलायची. ताई एकामागून एक करत होती. तिसऱ्या फळीपर्यंत आली आणि तिचा हात थांबला.

नवे साहेब म्हणाले, “काय झालं, बाई?”

“काही नाही. जड आहे.”

‘ही भाषणं नाहीत, साहेब.’ चार शब्द होते. तिनं ते मनात जुळवले, पाठ केले, ओठापर्यंत आणले. पण त्याच दिवशी सकाळी शेजारच्या खोलीतल्या दोघांना नावं लिहून घेऊन नेलं होतं; जुन्या अध्यक्षांच्या डब्यांत काहीतरी लपवून ठेवणाऱ्या बाईला ते काय समजले असते? घरी आई अंथरुणाला खिळलेली. भावाच्या घरात दोन महिन्यांची पोर. ताईनं ते शब्द गिळले. मग तिनं पहिली टेप टेबलावर ठेवली.

संध्याकाळी शहाण्या हुक लावत बसला होता. म्हणाला, “गेला म्हणे तो. आता तरी मला कपाटातून काढ.”

“वातावरण निवळू दे जरा.”

“आहेत ना पण?”

“आहेत.”

हे ‘आहेत’ तिला पुढं पस्तीस वर्षं सांभाळावं लागलं. आधी वातावरण निवळायचं होतं. मग नवे नियम आले होते. मग ती निवृत्त झाली. निवृत्त माणसाला आत सोडत नाहीत, ही सबब तर आयतीच मिळाली. एक खोटं शिवायला दहा टाके, आणि प्रत्येक टाका तिच्याच बोटात.

आता अलीकडचं. शहाण्याची बायको गेली. तो लेकीकडे राहायला आला. लेक औषधाच्या दुकानात काम करते, ताईची भाची. ताई दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत. वर्षापूर्वी त्याचं विसरणं सुरू झालं. रिकामी किटली शेगडीवर, चष्मा साबणाच्या डबीत, जेवलो की नाही हे तीनदा. डॉक्टर म्हणाले, “ताजं आधी जाईल. जुनं मात्र राहील बरेच दिवस.” भाची रडली. तो तिला म्हणाला, “अगं, रडतेस काय? माझं चांगलं ते सगळं जुनंच आहे.”

आणि मग, साहेब, तुमच्या केंद्राला पन्नास वर्षं झाली. तुम्हीच जाहिरात केलीत: ‘जुने कार्यक्रम पुन्हा दाखवणार, आठवणी कळवा.’ भाचीनं बापाच्या वतीनं अर्ज केला. कोणता कार्यक्रम, कोणता वार, किती भाग, कोण होतं, सगळं त्यानं तिला सांगितलं, एका दमात, एकही चूक न करता. त्या दिवशी तो दुपारी जेवलो का हेसुद्धा विसरला होता. पुढचे तीन आठवडे त्यानं एकच शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवला होता.

तुमचं उत्तर आलं. भाचीनं वाचून दाखवलं. तो गालात हसला. “त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? आम्ही लाल डब्यांत आहोत. ताई, चल. आपण जाऊन दाखवू.”

ताईनं पाय दुखतात म्हणून पाहिलं. पाऊस येईल म्हणून पाहिलं. आकाशात ढग नव्हता.

केंद्रात आता काचेची खिडकी झाली आहे. मागे एक तरुण, कानाला काहीतरी लावलेलं, नखं चावण्याची सवय. त्यानं नाव विचारलं, कळफलक बडवला.

“येत नाही, आजोबा.”

“पुन्हा टाका. ‘उद्या या’.”

“टाकलं. काहीच नाही. असं करा, साहेब आज रजेवर आहेत. तुम्ही उद्या या.”

शहाण्या खो खो हसत सुटला. त्या पोराला कळेना. आणि मग त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसानं गळ्यातली नसलेली पट्टी झटक्यात काढली, खिडकीतून हात आत घातला आणि पोराच्या खांद्यावर माप घेतलं. “खांदा साडेसतरा. एक खांदा खाली आहे तुमचा. बापाचं ओझं उचलता की काय? काळजी करू नका, कोट असा बसवतो की ओझंही शोभून दिसेल.” मान तिरकी, डोळे पाणावलेले, आवाज पार बदललेला. “फक्त उद्या या.” रांगेतल्या दोघी बायका हसल्या. पोरगाही हसला, नखं चावायची विसरला.

“भारी आहात की, आजोबा! बरं, टेप कुठे आहेत म्हणालात?”

“अध्यक्षांच्या भाषणांत. लाल डबे. तिसरी फळी. ही माझी ताई, हिनेच ठेवलेत.”

“अध्यक्षांची भाषणं?” पोरगा म्हणाला. “ती तर केव्हाच पुसली सगळी. एकही नाही शिल्लक. माझ्या जन्माआधीची गोष्ट आहे ती.”

शहाण्यानं वळून बहिणीकडे पाहिलं. तो विसराळू झाला होता, खुळा नव्हता.

बाहेर व्हरांड्यात एक बाक आहे. त्यावर दोघं बसली. ताईनं सगळं सांगितलं. यादी, यंत्र, शेजारच्या खोलीतली माणसं. सबबी सांगितल्या नाहीत. सबबींना आता काय चाटायचंय?

“पुसल्या कोणी?”

“मी.”

“तूच? हातानं?”

“हातानं.”

“किती वेळ लागला गं?”

“एकीला चार आकडे मोजेपर्यंत.”

त्यानं बोटांवर हिशेब केला. “आठ चोक बत्तीस. आम्हाला एक भाग बसवायला सहा दिवस लागायचे.” ताई वाट बघत होती, की आता ओरडेल, आता हात झटकून उठेल. उठला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी तो तिच्याकडे सरकला. “पण तू पाहिलेस ना? आठही? टेप तपासायचं काम तुझंच होतं.”

“माझंच.”

“मग झालं तर. सांग. मी कसा होतो?”

आणि इथे, साहेब, ताईची खरी शिक्षा सुरू झाली; तुम्हाला तिच्याहून वेगळी देता येणार नाही.

ती म्हणाली, “पहिल्या भागात चौथ्या मिनिटाला वरून खाली पांढरी रेघ आली होती.”

“आणि मी?”

“रेघेच्या डावीकडे होतास.”

“काय करत होतो?”

“उभा होतास.”

“अगं, उभा राहून काय करत होतो?”

ताईचं काम काय होतं, ते समजून घ्या. टेप लावायची, आवाज बारीक करायचा आणि डोळ्यांत तेल घालून दोष शोधायचे. रेघ, उडी, ठिपके, आवाज गेला, रंग फाटला. मिनिट, सेकंद, दोष, असं कार्डावर लिहायचं. या कामानं तिचे डोळे असे घडले होते की पडद्यावर माणूस असेल तर तिला त्याच्या कपाळावरची रेघ दिसायची, कपाळ नाही. आठही भाग पाहिलेलं या पृथ्वीवर उरलेलं एकच माणूस, आणि त्यानं त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं.

“मी तुझ्याकडे बघितलंच नाही रे, शहाण्या. मी रेघा बघत होते.”

“असू दे. रेघाच सांग.”

“तिसऱ्यात अकराव्या मिनिटाला आवाज गेला. सात सेकंद. तुझं तोंड हलत होतं.”

त्यानं डोळे मिटले. “अकरावं... ती गणवेशवाली बाई. मी तिला विचारतो, पोरगं घरी वाढवता की शेतात?” त्याचा चेहरा उजळला. “पुढे?”

“पाचव्यात शेवटून दुसऱ्या मिनिटाला चित्र थरथरलं.”

“थरथरणारच! टेबलावरून पडलो होतो मी. खरंच पडलो होतो. गुडघा सुजला होता, तूच शेकलास.” तो हसत होता. तीही हसली, नाक पुसत. व्हरांड्यातून जाणाऱ्या माणसांना वाटलं असेल, काय मजेत बसलीत म्हातारी दोघं. “आणि आठवा? कोटाचा? तो तर कुणीच पाहिला नाही. तो सांग.”





“आठव्याची टेप कोरी करकरीत होती. त्याच दिवशी खोक्यातून काढलेली. रेघ नाही, ठिपका नाही, काही नाही. मी कार्डावर लिहिलं, ‘निर्दोष’.”

“छान. पण मी काय केलं त्यात?”

“मला ठाऊक नाही.”

“पाहिलास ना पण?”

“अठ्ठावीस मिनिटं, पापणी न लववता पाहिला. दोषच नव्हता, तर लक्षात काय राहणार?”

तो उठून उभा राहिला. डावा हात लांब केला, बोटं बाहीत गेल्यासारखी आखडून घेतली. एक पाऊल पुढे, एक मागे. “बाही लांब. मग मी... मग मी त्याला काहीतरी म्हणतो. असं काही म्हणालो होतो, ताई, की कॅमेरावाला हसला. हसता हसता कॅमेरा हलला होता बघ. आठवतंय मला.”

अशा वेळी खोटं बोलावं माणसानं. पस्तीस वर्षं जी बाई रोज खोटं बोलत आली तिला त्या एका क्षणी खोटं सुचलं नाही. कामातली सवय, दुसरं काय!

“कॅमेरा नव्हता हलला,” ती म्हणाली. “हलला असता तर मला आठवलं असतं.”

त्याचा हात तसाच हवेत राहिला थोडा वेळ.

घरी आल्यावर त्यानं तुमचं पत्र मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. रोज सकाळी काढून वाचायचा, बोट ठेवून, एकेक शब्द. पंधरा दिवस गेले असतील. एका दुपारी ताई गेली तर म्हणाला, “ताई, मी शिंपीच होतो ना गं?”

“शिंपी नंतर झालास. आधी टीव्हीवर होतास.”

“मग शिवायला कुठे शिकलो?”

“टीव्हीच्याच कामासाठी शिकलास, शहाण्या!”

“हे बघ,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला, लहान मुलाला समजवावं तसा, “कपडे शिवायला कोणी टीव्हीसाठी शिकतं का? शिंपी होतो म्हणून शिकलो. माझ्या बोटांना अजून घट्टे आहेत. टीव्हीचे घट्टे कुठे असतात? आणि तूच म्हणालीस, कॅमेरा हलला नव्हता.”

“ते वेगळं...”

“शिवाय यांनी लिहून दिलंय. शिक्का मारून माणसं खोटं कशाला लिहितील? मीच डोक्यात काहीतरी घेतलं असणार. दुकानात गिऱ्हाइकं हसायची माझ्या बोलण्यावर, त्याचं मी हे सगळं रचलं असेन.”

डॉक्टर म्हणाले होते, जुनं राहील. राहिलंही असतं. ते रोगानं नेलं नाही, तुमच्या कागदानं नेलं. दोन दिवसांनी भाची धावत आली. “आत्या, बाबा शेजारीपाजारी हिंडतायत. दार वाजवून माफी मागतायत सगळ्यांची.”

“कसली माफी?”

“म्हणतात, मी इतकी वर्षं तुम्हाला टीव्हीच्या बढाया मारल्या, मनावर घेऊ नका, तसं काही झालं नव्हतं.” भाचीनं पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. “समोरच्या आजी त्यांना म्हणाल्या, अहो मास्तर, मी पाहिलंय की, माझ्या लग्नाआधी. तर बाबा त्यांना म्हणाले, तुमचंही वय झालं.”

त्याच दिवशी ताईनं कागद घेतला. अक्षर अजून सुवाच्य आहे. तिनं लिहिलं, की मी, या केंद्राची निवृत्त टेप-सहायक, सरकारी नोंदवहीत जाणूनबुजून खोटी नोंद केली. ‘उद्या या’ या विनोदी कार्यक्रमाच्या आठ टेप मी अध्यक्षांच्या भाषणांच्या नावानं लपवल्या. पुढे त्या टेप भाषणांच्या नाहीत हे ठाऊक असताना मी त्या नष्ट केल्या आणि वरिष्ठांपासून ही गोष्ट दडवली. या गुन्ह्यांबद्दल माझी चौकशी व्हावी.

भाची घाबरली. “आत्या, पेन्शन थांबवतील तुझी.”

“थांबवू देत की. का थांबवली ते लिहावं लागेल ना त्यांना?”

“आणि पोलीस आले तर?”

“पोलिसांनाही लिहावंच लागतं. तू मधे बोलू नकोस, तारीख चुकेल माझी.”

पोलीस आले नाहीत. कोणीच आलं नाही. तिनं दुसरा कागद पाठवला, मग तिसरा. मग स्वतः गेली, दोन बस बदलून. तुमच्या हाताखालच्या एका साहेबानं तिला खुर्ची दिली. चहा मागवला. चहा म्हटल्यावर ती काय ते समजली.

तो म्हणाला, “आजी, ज्या टेपची नोंदच आमच्याकडे नाही, ती नष्ट केल्याचा गुन्हा मी कसा नोंदवू?”

“म्हणून तर आले. नोंदवा.”

“अहो, पण गुन्हा घडल्याचा पुरावा?”

“मी घडवलाय. ही बसलेय तुमच्यासमोर.”

तो हसला, हात जोडले, म्हणाला, “या वयात कशाला हा त्रास? घरी जा, आराम करा.” बरोबर माणूस द्यायला निघाला होता जिना उतरायला.

साहेब, ती घरी गेली नाही, भावाकडे गेली. तो खिडकीशी बसून एका जुन्या सदऱ्याला बटण लावत होता. शिंपी आहे ना तो, तुमच्या मते. सकाळी तासभर त्याचं डोकं स्वच्छ असतं, तेवढ्यात तो वाचू शकतो. आधी दोन तास असायचं. गेल्या आठवड्यात त्यानं ताईला ताई म्हणून हाक मारायच्या आधी जरा वेळ घेतला.

तेव्हा चौकशी लावा. आरोपपत्र काढा. ‘उद्या या’ या कार्यक्रमाच्या आठ टेप नष्ट केल्याबद्दल, असं त्यात स्वच्छ लिहा. कार्यक्रमाचं नाव लिहा, भाग किती ते लिहा, मास्तरचं काम कोणी केलं तेही लिहा. ती सगळं कबूल करणार आहे, तुम्हाला काही शोधावं लागणार नाही. मग काय शिक्षा द्यायची ती द्या. नाही म्हणायची नाही ती. पण तो कागद त्याला वाचता येतोय तोवर यायला हवा.

कधी पाठवताय? महिना नको, आठवडा नको. तारीख सांगा.